सूद न घेणे एवढेच पुरे आहे का?

सातवीच्या गणिताच्या पुस्तकात 'बँक व सरळव्याज' असे एक प्रकरण आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत ते शिकवताना एक प्रसंग दरवर्षी ठरलेला असतो. मुद्दल, दर, मुदत हे शब्द फळ्यावर लिहून होतात न होतात तोच मागच्या बाकावरून कुणीतरी विचारते, "सर, सूद तर हराम आहे, मग आपण तो शिकायचा कशाला?" वर्गात हशा पिकतो. आम्ही शिक्षक मंडळींनी याचे उत्तर तयार ठेवलेले आहे. "उद्या तुम्हाला कुणी फसवू नये म्हणून शिका," असे आम्ही सांगतो. मुलांचे समाधान होते आणि ती उदाहरणे सोडवू लागतात. उत्तर तसे चुकीचे नाही. पण काही वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हे उत्तर देताना आमची जीभ अडखळते.

आमचे गाव यंत्रमागाचे. शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील मागावर काम करतात. त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारे वर्गात कुणी नव्हते. जानेवारीनंतर ती शाळेत येईनाशी झाली. मार्चमध्ये आम्ही दोघे-तिघे तिच्या घरी गेलो. ती आईबरोबर कांड्या भरत बसली होती. वडिलांच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते आणि त्यांच्याच्याने पूर्वीसारखी पूर्ण पाळी होत नव्हती. ऑपरेशनसाठी आईने ३० हजार रुपये उचलले होते, महिना दहा टक्क्यांनी. म्हणजे दरमहा ३ हजार रुपये नुसते व्याज. असे चौदा महिने झाले होते. ४२ हजार रुपये देऊन झाले होते आणि मुद्दल ३० हजार जसेच्या तसे उभे होते. "सूद भरते भरते साल हो गया सर, मुद्दल वहीं का वहीं है," आई म्हणाली. पैसे देणारा कोण हे आम्ही खोदून विचारले नाही. तो मोहल्ल्यातलाच होता एवढे मात्र कळले.

निघताना त्या बाईने आम्हाला एक प्रश्न विचारला. सूद घेणाऱ्याला गुनाह लागतो तसा देणाऱ्यालाही लागतो असे तिने वाजमध्ये ऐकले होते. "मला पण गुनाह होत असेल ना सर?" असे ती विचारत होती. नाइलाजाने घेतलेल्या कर्जाला माफी आहे, अल्लाह नियत पाहतो, असे काहीबाही बोलून आम्ही बाहेर पडलो. घरात खायला नाही, मुलगी शाळेतून निघालेली, नवरा अंथरुणावर, आणि या बाईला काळजी आखिरतची. तिच्याइतकी काळजी आम्हाला होती का, हा प्रश्न वाटेत आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात आला असणार. बोलले कुणीच नाही.

त्याच आठवड्यात आमच्या शिक्षक-खोलीत वेगळीच चर्चा चालू होती. आयकराचा तक्ता भरायचा होता. पासबुके उघडली गेली होती आणि बचत खात्यावर वर्षभरात किती व्याज जमा झाले याची बेरीज चालली होती. पगार बँकेतूनच होतो, त्यामुळे बँकेपासून आमची सुटका नाही. बचत खात्याचे व्याज वर्षाला अडीच-तीन टक्के. ते घ्यावे की बँकेतच सोडावे? बहुतेक उलेमांचे मत आम्हाला ठाऊक होते. बँकेत सोडू नये, काढून घ्यावे आणि सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकावे. आम्ही चौदा जण. सगळ्यांचे मिळून २२ हजारांच्या आसपास होत होते. शाळेचे स्वच्छतागृह बांधावे का, असा एक विचार पुढे आला. मग त्या मुलीची गोष्ट निघाली आणि ही रक्कम तिच्या आईला द्यावी असे ठरले. "सुदाचा पैसा सूद फेडायला चालेल का?" अशी एक शंका निघाली. तिचेही निरसन झाले. पैसे पोचवले गेले आणि आम्हाला बरे वाटले.

ते बरे वाटणे फार दिवस टिकले नाही. कारण आमच्यातल्याच एकाने नंतर विचारले की, आपल्याला जे नको होते तेवढेच आपण तिला दिले. ज्याला हात लावायला आपण कचरतो ते गरिबाच्या पदरात टाकले. आपल्या हलाल पगारातून ३० हजार रुपये, एकेकाला दोन-सव्वादोन हजार, चौदा महिन्यांपूर्वी बिनव्याजी कर्ज म्हणून का दिले नाहीत? खरे तर त्या वेळी ती बाई शाळेत आली होती. पैशाचा विषय तिने चाचरत काढला होता. तेव्हा आम्ही विचारले होते, "परत कसे करणार? जामीन कोण राहील?" बँकेचा साहेब विचारतो तेच. बँक निदान विचारून एखादे वेळी कर्ज देते, आम्ही विचारून गप्प बसलो होतो.

आपण मुसलमान सुदाविषयी इतके बोलतो. पण सूद न घेणे एवढ्यानेच आपले कर्तव्य संपते का, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही. या लेखात तोच विचारायचा आहे.

सूद हराम का झाला याचा विचार करताना त्या काळच्या अरबस्तानातील व्यवहार लक्षात घ्यावा लागतो. कर्जाची मुदत भरली की सावकार कर्जदाराला विचारत असे, फेडतोस की वाढवतोस? फेडणे शक्य नसले की रक्कम वाढायची, पुन्हा मुदत, पुन्हा वाढ. शेवटी माणूस आपली जमीन, जनावरे आणि कधी कधी स्वतःचे स्वातंत्र्यही गमावून बसायचा. सूरह बकरामध्ये ज्या आयतींत सुदाची मनाई आली आहे, त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी दानधर्माविषयी सविस्तर येते. मग व्यापार हलाल आणि सूद हराम असल्याचे येते. लगेच पुढे सांगितले जाते की, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि कर्ज सोडून दिले तर ते अधिक चांगले. त्यानंतर कुरआनातील सर्वांत मोठी आयत येते, ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. दान, मनाई, सवलत आणि हिशेब अशा या चार गोष्टी एका रांगेत आहेत. आपण त्यातली मनाई तेवढी उचलली आणि बाकीच्या तीन वाचून पुढे गेलो.

हिजरी १० मध्ये, म्हणजे इ. स. ६३२ मध्ये, हजच्या शेवटच्या खुतब्यात हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी जाहिलियतच्या काळातील सर्व सूद रद्द केला. सर्वांत आधी रद्द केला तो स्वतःचे चुलते हजरत अब्बास यांचा. इतरांना उपदेश करण्यापूर्वी आपल्या घरातले येणे सोडले. आपल्या महाराष्ट्रात तुकाराम महाराजांची एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. घरात सावकारीचा व्यवसाय होता. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे सांगितले जाते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जखते जाळली. एकाने आपणहून खते बुडवली, तर दुसऱ्यांनी सोसवेनासे झाल्यावर जाळली. कर्जाच्या कागदाने माणूस कसा बांधला जातो हे या मातीला नवे नाही. सुदाची मनाई ही फक्त मुसलमानांच्या पाक-नापाकची बाब नसून अडलेल्या माणसाच्या सुटकेची बाब आहे, हे मराठी मुसलमानाला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको.

आता बँकेचे व्याज म्हणजेच रिबा का, यावर विद्वानांत दोन मते आहेत. १९८५ साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने बँकेचे व्याज रिबाच असल्याचा निर्णय दिला. जगभरातील बहुसंख्य उलेमा याच मताचे आहेत. २००२ साली अल-अझहरच्या इस्लामी संशोधन अकादमीने मात्र बँकेत ठेव ठेवून ठरावीक परतावा घेणे जायज असल्याचे म्हटले. आम्ही शिक्षक, मुफ्ती नव्हे. यात निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. पण दोन्ही मतांचा आडोसा कसा घेतला जातो हे मात्र आम्ही पाहतो. व्याज जायज म्हणणारा आपली मुदत ठेव वाढवत राहतो. हराम म्हणणारा तोच पैसा सोन्यात आणि प्लॉटमध्ये घालतो. कांड्या भरणाऱ्या त्या बाईला यातले कोणतेही मत दारात येऊन भेटत नाही.

इस्लामी बँकिंगची सुरुवात खरे तर अशा माणसांसाठीच झाली होती. १९६३ साली इजिप्तमध्ये मित गम्र या नाईलकाठच्या गावी अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक काढली. शेतकरी आणि लहान कारागीर हे तिचे ठेवीदार. पुढे १९७५ साली दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दाहची इस्लामी विकास बँक उभी राहिली, तेलाचा पैसा आला आणि या क्षेत्राचा पसारा वाढला. आज या बँकांचा मोठा व्यवहार मुराबहाचा असतो. बँक वस्तू विकत घेते, नफा लावून ग्राहकाला हप्त्याने विकते. शास्त्राप्रमाणे ही विक्री आहे. पण त्यासाठीही ग्राहकाला पगाराची पावती आणि तारण लागतेच. नाव बदलले तरी गरीब दाराबाहेरच उभा राहणार असेल, तर मित गम्रच्या त्या पहिल्या बँकेचा हेतू कुठे गेला, हे विचारायला हवे.

आपल्या देशात तर हे दारही उघडलेले नाही. बँकांनी वस्तूंची खरेदी-विक्री करू नये असे १९४९ चा बँकिंग नियमन कायदा सांगतो, त्यामुळे भागीदारी किंवा मुराबहा बँकेला करता येत नाही. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. २०१५ साली दीपक मोहंती समितीने बँकांत बिनव्याजी खिडकी उघडावी असे सुचवले. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकारात उत्तर देताना स्पष्ट केले की, सर्व नागरिकांना बँकसेवेची समान संधी उपलब्ध असल्याने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरले आहे.

समान संधीचे चित्र सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आले होते. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशात मुसलमान १३.४ टक्के. अग्रक्रम क्षेत्रातील बँककर्जाच्या रकमेत त्यांचा वाटा ४.६ टक्के होता. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग नकारात्मक विभाग म्हणून बाजूला ठेवल्याचेही अहवालात नमूद आहे. २०१४ च्या जनधन योजनेनंतर खाती घरोघर झाली हे मान्य करायला हवे. त्या बाईचेही खाते आहे. पण खाते असणे वेगळे आणि अडीनडीला कर्ज मिळणे वेगळे. पैसा ठेवण्याची सोय झाली, पण ज्याच्याकडे ठेवायला काही नाही त्याला तिचा उपयोग काय?

आपल्या बाजूचे दोषही झाकून चालणार नाही. घर चुलत्याच्या नावावर, धंद्याची नोंदणी नाही, लिहून काही ठेवायचे नाही, आणि बँकेत गेलो तर सूद लागेल म्हणून कायद्याने मिळू शकणारे स्वस्त कर्ज नाकारायचे. मग रात्री मोहल्ल्यातल्या माणसाकडून महिना दहा टक्क्यांनी घ्यायचे. किंवा बायकांच्या गटाने आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज उचलायचे, ज्याचा दर वर्षाला बहुधा वीस टक्क्यांच्या वर असतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. पण आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार करायला कोण जाणार?

या पोकळीत लबाडांचे फावते. २०१९ च्या जूनमध्ये बेंगळुरूची आयएमए ही कंपनी कोसळली. हलाल नफ्याच्या नावाखाली तिने हजारो कुटुंबांच्या ठेवी घेतल्या होत्या. कुणाचे लग्नाचे पैसे, कुणाची निवृत्तीची पुंजी, कुणाचे हजसाठी साठवलेले. अशा बातम्या आल्या की आपण लबाडाला शिव्या देतो. पण हलाल हा शब्द ऐकताच आपण हिशेब विचारणे का सोडून देतो? दरमहा नफा येतो म्हणजे तो कशातून येतो? धंद्यात नुकसान झाले तर ते कोण सोसणार? सातवीतला मुलगा विचारील असे हे प्रश्न आहेत. भागीदारीत नफ्याबरोबर तोटाही वाटून घ्यायचा असतो. तोट्याची शक्यताच नसलेला नफा कुणी देऊ करत असेल, तर त्यावर हलालची पाटी लावल्याने तो बदलत नाही.

हजरत झुबैर यांच्याविषयी हदीसमध्ये एक हकीकत आहे. लोक त्यांच्याकडे पैसे अमानत म्हणून ठेवायला येत. ते म्हणत, अमानत नको, कर्ज म्हणून देतो असे म्हणा. कारण अमानत हरवली तर माझी जबाबदारी राहणार नाही, कर्ज असेल तर मला ते भरावेच लागेल. ६५६ साली ते मारले गेले तेव्हा देणे २२ लाखांचे निघाले. त्यांचे पुत्र अब्दुल्लाह यांनी मालमत्ता विकून ते फेडले. वारस आपला हिस्सा मागू लागले तेव्हाही त्यांनी चार वर्षे हजच्या मोसमात पुकारा करवला की, झुबैर यांच्याकडे कुणाचे येणे असेल तर त्याने यावे. मगच वाटणी केली. जबाबदारी आपल्या अंगावर ओढून घेणारा माणूस आणि ठेवीदारांना वाऱ्यावर सोडून पळणारा माणूस, यांतला फरक पाठ्यपुस्तकाइतका स्वच्छ आहे.

मग उपाय काय? कर्ज-ए-हसनावर व्यवहार चालत नाही, असे अनुभवी लोक सांगतात. पैसे बुडतात, महागाईने रुपयाचे मोल घटते, कारकुनाचा पगार कुठून द्यायचा? हे आक्षेप खोटे नाहीत. १९६१ साली सुरू झालेल्या देवबंदच्या मुस्लिम फंडाने यातून वाट काढली. ठेवीवर व्याज नाही, सोने तारण ठेवून कर्ज, आणि खर्चापुरते शुल्क. तिथेही जागरूक राहावे लागते. शुल्क प्रत्यक्ष खर्चाइतके असेल तोवर ठीक. तेच शुल्क रक्कम आणि मुदत यांच्याबरोबर वाढू लागले तर व्याजात आणि त्यात फरक काय उरला? शिवाय जिच्याकडे सोनेच नाही तिचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या बायकांची बीसी, जिला मराठीत भिशी म्हणतात, या बाबतीत पुढे आहे. वीस जणी दरमहा हजार काढतात, चिठ्ठी निघते, गरज असेल तिला आधी देतात. लिलावाची भिशी सोडली तर त्यात सूद नाही, जामीन नाही, आणि बुडवणारी क्वचितच. कुठल्याही परिषदेचा ठराव नसताना त्यांनी हे चालवले आहे.

आम्ही चौदा जणांनी पुढच्या वर्षापासून पगारातून दरमहा पाचशे रुपये बाजूला काढायला सुरुवात केली. बँकेचे व्याज त्यात घालायचे नाही असे पहिल्याच दिवशी ठरले. शाळेतल्या पालकांना दवाखाना, फी, मागाची दुरुस्ती अशा कामांसाठी २० हजारांपर्यंत बिनव्याजी कर्ज देतो. वहीत लिहितो, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि वही कुणालाही पाहू देतो. आतापर्यंत तेवीस जणांना दिले. दोघांचे अडकले आहे. त्यातल्या एकाला खरोखरच जमत नाही, त्याला सवड दिली आहे. दुसऱ्याला जमते पण तो देत नाही, त्याच्याकडे जाऊन आम्ही भांडलो. सवड द्यावी हा हुकूम आहे तसे ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, हेही हदीसमध्ये आले आहे. यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही. चौदा पगारदारांना हे फार आधी सुचायला हवे होते.

त्या बाईचे कर्ज त्याच वर्षअखेर फिटले. २२ हजार आमचे गेले, उरलेले ८ हजार आणि त्यावरचे व्याज तिने कांड्या भरून फेडले. मुलगी शाळेत परतली नाही. दोनदा आणायला गेलो. लहान मुलांबरोबर सातवीत बसायला तिला लाज वाटत होती आणि घरात तिच्या कमाईची सवय झाली होती. आम्ही कुणी तिच्याकडून एक पैसाही सूद घेतला नव्हता. त्या बाबतीत आमचे हात स्वच्छ होते, आणि तरीही ती गेली.

यंदाही सरळव्याजाचे प्रकरण आले. यंदाही मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, वर्ग हसला. आम्ही फळ्यावर मुद्दल ३० हजार, दर दरमहा दहा टक्के, मुदत चौदा महिने असे उदाहरण घातले. मुलांनी चटकन ४२ हजार उत्तर काढले. एका मुलाला ते खोटे वाटले, मुद्दलापेक्षा व्याज जास्त कसे होईल म्हणून त्याने पुन्हा गुणाकार करून पाहिला. मग आम्ही सांगितले की, हे शिका, कारण तुमच्या शेजारी कुणीतरी असे व्याज भरत असेल. ते किती आहे हे तुम्हाला काढता आले पाहिजे, आणि ते भरायची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून आपल्याला काय देता येईल, हेही.